छातीतले दडपण, चालताना भरणारी पोटरी, रात्रीची धाप : हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या विकारांचे निदान

देवराई
मी तालुक्याच्या गावी फिजिशियन म्हणून काम करतो. बाह्यरुग्ण विभागात रोज कोणी ना कोणी टेबलावर जाडजूड फाइल ठेवतो आणि "सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत, तरी त्रास जात नाही" असे सांगतो. याच्या उलट, ज्यांना कसलाही त्रास नाही, पण एखाद्या कागदावर काहीतरी छापून आल्यामुळे ज्यांची झोप उडाली आहे, अशीही मंडळी असतात. दोघांचीही अडचण एकच असते. तपासणी कोणत्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी केली आणि त्रास सुरू झाल्यापासून किती वेळाने केली, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. हृदयविकाराच्या निदानात या दोन गोष्टी मशीनच्या किमतीपेक्षा महत्त्वाच्या आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे आणि त्यासाठीच हा धागा काढत आहे.

हकिकतीपासून सुरुवात करतो. हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडते तेव्हा "दुखते" असे म्हणणारे रुग्ण मला कमीच भेटतात. "छाती भरून आली", "आवळल्यासारखे झाले", "जड जड वाटले", "ढेकर आला तर बरे वाटेल असे झाले", अशी त्यांची भाषा असते. जागा दाखवायला सांगितली की एका बोटाने नेमका बिंदू दाखवणारा रुग्ण आणि पूर्ण तळहात छातीच्या मध्यावर फिरवणारा रुग्ण यांच्यात फरक करावा लागतो, कारण बोट ठेवून दाखवता येणारे, दाबल्यावर वाढणारे किंवा खोल श्वासाबरोबर टोचणारे दुखणे हृदयाचे असण्याची शक्यता कमी असते. मात्र ती शून्य नसते. डाव्या हाताचे महत्त्व सर्वांना पाठ आहे. पण कळ दोन्ही हातांत किंवा उजव्या हातात गेली तर संशय कमी होत नाही, उलट वाढतो. जबडा, गळा, पाठ आणि बेंबीच्या वरचा भाग याही तिच्या जागा आहेत. मधुमेही, वयस्क आणि स्त्रिया यांच्यात छातीतले दडपण गौण राहून धाप, मळमळ, घाम आणि एकाएकी आलेला गळाठा एवढेच पुढे येऊ शकते.

नंतर वेळ पाहायची. चढ चढताना किंवा जेवून लगेच चालताना येणारे आणि थांबल्यावर दोन-पाच मिनिटांत उतरणारे दडपण म्हणजे स्थिर अंजायना. तेच दडपण कमी श्रमात येऊ लागले, बसल्या जागी आले किंवा वीस मिनिटांहून अधिक टिकले, तर ओपीडीच्या रांगेत थांबायचे नसते. १०८ ला फोन करायचा असतो. क्षणार्धात चमकून जाणारी कळ किंवा आठवडाभर रात्रंदिवस सारखे राहणारे दुखणे सहसा या दोन्हींत बसत नाही.

आपापले प्रश्न विचारावेत. मात्र कोणाचेही औषध इथे बदलून दिले जाणार नाही.

नीलिमा_स
डॉक्टर, वडिलांचे वय ६१, मधुमेह जुना. पहाटे त्यांना अस्वस्थ वाटू लागले, घाम फुटला आणि पोटाच्या वरच्या भागात दाटून आले. गावातल्या एका खासगी रुग्णालयात लगेच ईसीजी काढला, तो नॉर्मल निघाला. पित्ताचे इंजेक्शन देऊन आम्हाला घरी पाठवण्यात आले. संध्याकाळी त्रास वाढल्यावर शहरात नेले, तेव्हा झटका येऊन गेल्याचे निदान झाले. ते आता बरे आहेत, तरीही सकाळचा ईसीजी वाचण्यात चूक झाली का, हा प्रश्न मनातून जात नाही.

देवराई
नीलिमाताई, कागद न पाहता त्याविषयी बोलणे योग्य नाही. पण वाचण्यात चूक न होताही असे घडू शकते. साधा ईसीजी हृदयाच्या केवळ दहा सेकंदांची नोंद असतो. झटक्याच्या सुरुवातीला तो खरोखरच नॉर्मल असू शकतो. म्हणूनच छातीत दडपण घेऊन आलेल्या रुग्णाचा पहिला ईसीजी दहा मिनिटांच्या आत काढावा आणि त्रास चालू असेल तर पहिल्या तासात दर १५ ते ३० मिनिटांनी पुन्हा काढावा, असे सांगितले जाते. शिवाय हृदयाची मागची भिंत नेहमीच्या बारा लीडना, म्हणजे विजेची नोंद घेणाऱ्या बारा कोनांना, नीट दिसत नाही. तिच्यासाठी पाठीकडे व्ही-७ ते व्ही-९ हे जादा लीड लावावे लागतात. खालच्या भिंतीचा झटका असेल तर उजव्या बाजूचे लीड लावून उजव्या कप्प्यालाही झळ बसली आहे का, हे पाहावे लागते, कारण तशी झळ बसली असताना जिभेखाली सॉर्बिट्रेट ही रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी ठेवली तर रक्तदाब धाडकन कोसळू शकतो.

ट्रोपोनिनचेही तसेच आहे. स्नायूच्या पेशी मरू लागल्यावर हे प्रथिन रक्तात उतरते आणि जुन्या पद्धतीच्या किटवर दिसायला साधारण तीन ते सहा तास घेते. त्यामुळे त्रास सुरू होऊन तासाभरात केलेली एकच चाचणी निगेटिव्ह आली, तर तिच्यावरून काहीच नाकारता येत नाही. नव्या अतिसंवेदनशील चाचणीतही एक ते तीन तासांच्या अंतराने दुसरा नमुना घेऊन आकडा चढतो आहे का, हेच पाहतात. उलट बाजूही लक्षात ठेवावी. मूत्रपिंड निकामी होणे, फुप्फुसात गुठळी जाणे, हृदयस्नायूचा दाह, तीव्र जंतुसंसर्ग यांतही ट्रोपोनिन वाढते. म्हणून एका आकड्यावर झटक्याचा शिक्का मारता येत नाही.

आणखी एक गैरसमज. सॉर्बिट्रेटने बरे वाटले म्हणजे दुखणे हृदयाचेच होते आणि पित्ताच्या औषधाने बरे वाटले म्हणजे पित्तच होते, ही दोन्ही अनुमाने चुकीची आहेत. अन्ननलिकेचा आकुंचनाचा त्रास सॉर्बिट्रेटने थांबतो आणि अंजायना आपल्या आपणही थांबतो. माझ्या मते तुमच्या वडिलांना पित्ताचे इंजेक्शन देण्यात मोठा दोष नव्हता. त्यानंतर त्यांना घरी पाठवणे हा मात्र दोष होता.

ग्राफपेपर
मी ईसीजी तंत्रज्ञ आहे. डॉक्टरांनी कागदाबद्दल लिहिले. तो कागद तयार कसा होतो, त्याबद्दल थोडे लिहिते.

व्ही-१ आणि व्ही-२ हे दोन लीड चौथ्या बरगडीच्या फटीत, उरोस्थीच्या म्हणजे छातीच्या मधल्या हाडाच्या दोन्ही कडांना लागतात. गळ्याखालच्या खळग्यातून बोट खाली सरकवत गेले की उरोस्थीवर एक आडवा उंचवटा लागतो. त्याला लागून असते ती दुसरी बरगडी, तिच्याखालची फट दुसरी, आणि तिथून मोजत चौथ्या फटीवर यायचे असते. घाईत हे कोणी मोजत नाही. लीड एक-दोन फटी वर लागतात आणि कधीही झटका न आलेल्या माणसाच्या कागदावर जुन्या झटक्याचा भास होतो. स्त्रियांच्या बाबतीत संकोचामुळे व्ही-४ स्तनाच्या खाली न लावता वर कुठेतरी चिकटवला जातो, त्यानेही चित्र बदलते. पडदा लावून, कल्पना देऊन, योग्य जागीच लीड लावावे, हाच त्यावरचा उपाय.

हातांच्या वायरी उलटसुलट झाल्या तर पहिल्या लीडमधले सर्व काही उलटे आणि एव्हीआर या एरवी उलट्या दिसणाऱ्या लीडमध्ये सुलटे दिसते. असा कागद हातात आला की मी आधी वायरी पाहते. घाम पुसणे, दाट केस असतील तर तेवढी जागा भादरणे आणि कागदावर वेळ लिहून "त्रास चालू असताना" की "त्रास थांबल्यावर" एवढे नोंदवणे, याला दोन मिनिटे लागतात. जुना ईसीजी घरी असेल तर कृपया सोबत आणावा. शेजारी ठेवायला जुना कागद नसला की निम्मे वाद तिथेच सुरू होतात.

कऱ्हेकाठ
माझा प्रश्न रक्तदाबाचा आहे. दवाखान्यात १६०/९४ येतो, घरच्या यंत्रावर १२८/८०. डॉक्टर गोळी सुरू करा म्हणतात, मुलगा म्हणतो यंत्रावर विश्वास ठेवा. खरे काय मानावे?

देवराई
काका, दोन्ही आकडे खरे असू शकतात. पांढरा कोट पाहून चढणारा रक्तदाब ही ओळखीची गोष्ट आहे आणि दवाखान्यात नॉर्मल असून घरी-कामावर चढलेला राहणारा, म्हणजे लपलेला रक्तदाब, हीसुद्धा तितकीच खरी आणि अधिक त्रासदायक गोष्ट आहे. सात दिवस सकाळी आणि संध्याकाळी, मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजावे, पहिला दिवस सोडून द्यावा आणि बाकीच्यांची सरासरी काढावी. ती १३५/८५ किंवा त्याहून अधिक असेल तर घरच्या मोजणीने उच्च रक्तदाब धरतात. दवाखान्यातली रेषा १४०/९० ची आहे. शंका उरलीच तर २४ तास दंडावर राहणारे यंत्र लावता येते.

मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, व्यायाम नको. पाच मिनिटे शांत बसावे, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीवर आणि तोंड बंद. जाड दंडाला लहान पट्टा गुंडाळला तर आकडा खोटाच जास्त येतो.

पहिल्या भेटीत दोन्ही दंडांवर मोजायला हवे. दोहोंत १५ हून अधिक फरक कायम राहत असेल तर एका हाताची धमनी अरुंद झाली आहे का, हे पाहतात. तरुण मुलीच्या मनगटात नाडीच लागत नसेल तर ताकायासू हा धमनीदाह मनात आणावा. तो आपल्याकडे फारसा दुर्मीळ नाही. विशी-पंचविशीत रक्तदाब चढलेला असेल तर जांघेतली नाडी चाचपणे हे डॉक्टरचे कर्तव्यच आहे, कारण महाधमनी जन्मतः अरुंद असली तर ती क्षीण आणि उशिरा लागते. आणि छातीत किंवा पाठीत एकाएकी फाटल्यासारखी, पहिल्याच क्षणी परमोच्च वेदना झाली आणि दोन हातांच्या रक्तदाबात फरक आढळला, तर महाधमनीचा पदर फाटला असण्याचा संशय घेऊन सीटी अँजिओग्राफी करावी लागते. अशा वेळी झटका समजून गुठळी विरघळवणारे इंजेक्शन दिले गेले तर ते जिवावर बेतते.

पैलतीर
मी इंग्लंडमध्ये असतो, आई सांगलीला. तिला पाठवलेल्या स्मार्ट घड्याळाने दोनदा "अनियमित लय" असे दाखवले. तिला कसलाही त्रास नाही. दुर्लक्ष करावे का?

देवराई
करू नये. आईंना किंवा शेजारच्या कोणाला अंगठ्याखाली मनगटावर तीन बोटे ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी मोजायला सांगावे. मधूनच एखादा ठोका चुकून पुन्हा लय लागत असेल तर ते बहुधा निरुपद्रवी जादा ठोके असतात. पण लय कुठेच लागत नसेल, तर एट्रिअल फिब्रिलेशनचा, म्हणजे वरचे कप्पे बेताल थरथरण्याचा, संशय घ्यावा. त्यात हृदयाच्या वरच्या कप्प्यात गुठळी होऊन पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट होतो, आणि त्रास नसला तरी तो धोका असतोच. बारा लीडच्या ईसीजीवर खात्री, मग थायरॉइडची चाचणी आणि झडपा पाहण्यासाठी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, असा क्रम असतो. लय येऊन-जाऊन असेल तर २४ तासांचा होल्टर, म्हणजे अंगावर बाळगायचे ईसीजी यंत्र, लावतात. मात्र महिन्यातून एकदा होणारी धडधड २४ तासांत सापडलीच पाहिजे, असा आग्रह धरू नये. घड्याळाच्या एका लीडवर हृदयविकाराचा झटका कळत नाही, हेही आईंना आवर्जून सांगावे.

हिशेबी
माझे वय ३४. कंपनी दरवर्षी तपासणीचे पॅकेज देते, त्यात टीएमटी असते. धाग्याचा सूर तपासण्यांच्या विरोधात चालला आहे असे वाटते. अधिक माहिती मिळाली तर बिघडले कुठे?

देवराई
सूर तसा नाही, पण तुमच्याच नावाला जागून हिशेब मांडतो. पट्ट्यावर चालवून करायची टीएमटी धमन्यांचा रोग असलेल्या १०० पैकी सुमारे ६८ जणांना पकडते आणि रोग नसलेल्या १०० पैकी सुमारे ७७ जणांना बरोबर सोडते. समजा, तुमच्यासारख्या त्रास नसलेल्या १००० तरुणांपैकी २० जणांना खरोखर रोग आहे. त्यांतले १४ सापडतील. उरलेल्या ९८० निरोगी लोकांपैकी सुमारे २२५ जणांचा रिपोर्टही पॉझिटिव्ह येईल. म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्या सतरा जणांत खरा रोगी एक. बाकीचे सीटी, अँजिओग्राफी, कर्ज आणि काळजी यांच्या मार्गाला लागतात. हीच चाचणी चढावर छाती भरून येणाऱ्या ५८ वर्षांच्या, धूम्रपान करणाऱ्या गृहस्थांची केली, तर पॉझिटिव्ह रिपोर्टला वजन असते, कारण मुळातच रोगाची शक्यता मोठी आहे. माझा आक्षेप आहे तो इतकाच.

हिशेबी
गणित समजले, पण ते १४ जण मला तरीही महत्त्वाचे वाटतात. आमच्या विभागातला एक जण चाळिशीच्या आत गेला.

देवराई
मलाही वाटतात. त्यांना शोधण्याचा रस्ता वेगळा आहे. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल, तंबाखू आणि घराण्यातला इतिहास : वडील किंवा भाऊ ५५ च्या आत, आई किंवा बहीण ६५ च्या आत हृदयविकाराने आजारी पडले का. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १९० च्या वर असेल तर आनुवंशिक दोषाचा विचार करून भावंडांचीही तपासणी करावी. लायपोप्रोटीन-ए हा रक्तातल्या चरबीचा घटक बहुतांशी जन्मजात ठरलेला असल्याने आयुष्यात एकदा मोजला तरी पुरतो. धोका मधल्या पातळीवर असलेल्या मध्यमवयीन माणसाच्या बाबतीत निर्णय अडला, तर धमन्यांतले कॅल्शियम मोजणारा सीटी कामाचा ठरतो. चौतिसाव्या वर्षी मात्र तो शून्य आला म्हणून निश्चिंत होता येत नाही, कारण धमनीतल्या चरबीच्या कोवळ्या थरांत कॅल्शियम साचलेले नसते.

रायगडवाडी
थोडे विषयाच्या कडेचे, पण आमच्याकडे ते आवश्यक आहे. कोकणात पावसाच्या आगेमागे धडधाकट मुलाला एकाएकी धाप लागली, दरदरून घाम सुटला आणि हातपाय थंड पडले, तर विंचू चावला का, हे आधी विचारावे. लाल विंचवाच्या विषाने हृदय आणि रक्तवाहिन्यांवर असा ताण येतो की फुप्फुसात पाणी भरते. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन हे रक्तवाहिन्या सैल करणारे औषध वापरून हे मृत्यू कमी करून दाखवले. दंशाच्या जागी नुसती आग होत असेल तर धोका कमी. घाम आणि गार हातपाय दिसले की रुग्णालय गाठावे.

गोदातीर
काका विडी ओढतात, वय ४१. शंभर-दीडशे पावले चालले की पोटरी भरून येते, थांबले की उतरते. अंगठ्याजवळची जखम भरत नाही. एकाने मणक्याचा एमआरआय सांगितला आहे.

देवराई
मणक्याच्या दुखण्यातही चालताना पाय भरून येतात, पण त्यात नुसते उभे राहून भागत नाही, बसावे किंवा पुढे वाकावे लागते. उभ्या उभ्या दोन मिनिटांत उतरणारी पोटरी रक्तपुरवठ्याकडे बोट दाखवते. रात्री झोपेत येणारे गोळे हा निराळाच प्रकार आहे. काकांच्या पावलाच्या वरची आणि घोट्यामागची नाडी आजच पाहून घ्यावी. त्यानंतर रक्ताचा प्रवाह ऐकवणाऱ्या छोट्या डॉपलर यंत्राने घोट्याचा दाब मोजून त्याला दंडाच्या दाबाने भागतात. दंडावर १४०, घोट्यावर ९० असेल तर उत्तर ०.६४ येते. ०.९० किंवा त्याहून कमी म्हणजे धमनी अरुंद. जुन्या मधुमेहात धमनीची भिंत कॅल्शियमने कडक होऊन हाच आकडा १.४ च्या वर जातो. तो चांगला समजू नये, अशा वेळी अंगठ्यातला दाब मोजतात. पंचेचाळिशीच्या आतला, तंबाखूचा आणि भरत नसलेल्या जखमेचा रुग्ण म्हटले की बर्गर्स रोग, म्हणजे तंबाखूमुळे हातापायांच्या रक्तवाहिन्या बंद पडण्याचा विकार, प्रथम मनात येतो. त्यात विडी पूर्ण बंद न करता कोणताही उपचार पाय वाचवू शकत नाही. एमआरआयच्या आधी रक्तवाहिन्यांच्या सर्जनला दाखवावे.

याच्या अगदी उलट, एकच पाय एक-दोन दिवसांत सुजला, पोटरी दुखू लागली, आणि अलीकडे शस्त्रक्रिया, प्लास्टर, बाळंतपण किंवा लांबचा प्रवास झाला असेल, तर खोल शिरेत गुठळी झाली असावी. शक्यता कमी असताना डी-डायमर ही गुठळीसाठीची रक्ताची चाचणी निगेटिव्ह आली तर ती नाकारता येते. शक्यता मोठी असेल तर डी-डायमरच्या भानगडीत न पडता थेट शिरांची सोनोग्राफी करावी. अशा पायाला मालिश करू नये.

प्रसूतिकक्ष
मी ग्रामीण भागात स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. सहाव्या-सातव्या महिन्यात पहिल्यांदाच धाप लागून आलेल्या मुलींमध्ये "गरोदरपणात होतेच" असे म्हणून वेळ घालवलेला दिसतो. लहानपणी घसा वारंवार सुजणे आणि पाठोपाठ सांधे धरणे, असा इतिहास निघाला, तर संधिवाताच्या तापाने मिट्रल, म्हणजे हृदयाच्या डाव्या दोन कप्प्यांमधली, झडप अरुंद झालेली असू शकते. गरोदरपणी रक्ताचे आकारमान वाढते आणि तोवर मुकाट असलेली झडप बोलू लागते. इकोमध्ये किरणोत्सर्ग नसतो, बाळाला धोका नसतो. आडवे झाल्यावर धाप वाढते, रात्री उठून बसावे लागते किंवा खोकल्यात गुलाबी फेस येतो, असे सांगणाऱ्या गरोदर स्त्रीचा इको त्याच दिवशी व्हावा.

शेवंती_७२
माझ्या बाबतीत नेमके हेच, पण माझे वय ७२. दोन उशा लागतात, संध्याकाळी पाय सुजतात. इकोमध्ये पंपिंग ५८ टक्के आले, म्हणून हृदय चांगले आहे असे सांगितले. मग धाप कशाची?

देवराई
आजी, ५८ टक्के म्हणजे हृदय आकुंचन नीट पावते, एवढेच कळते. ते सैल पडून भरते कसे, हे त्या आकड्यात येत नाही. जुना रक्तदाब, वजन, मधुमेह किंवा एट्रिअल फिब्रिलेशन असलेल्या ज्येष्ठांमध्ये पंपिंग ५० टक्क्यांच्या वर असूनही हृदय निकामी होण्याचा विकार चांगलाच आढळतो. इकोच्या कागदावर डाव्या वरच्या कप्प्याचा आकार, भिंतीची जाडी आणि फुप्फुसाच्या धमनीतला दाब लिहिला आहे का, ते पाहावे. एनटी-प्रोबीएनपी ही रक्ताची चाचणी करावी. ओपीडीतल्या रुग्णात ती १२५ च्या खाली आली तर हृदय हे कारण बहुधा नसते, मात्र वजन जास्त असणाऱ्यांत आकडा फसवा कमी येतो. हिमोग्लोबिन, मूत्रपिंडासाठी क्रिॲटिनिन आणि थायरॉइड त्याच नमुन्यात होईल. रक्तदाबासाठी अम्लोडिपिन चालू असेल तर पायांची सूज त्या गोळीचीही असू शकते, पण त्या गोळीने उशा वाढत नाहीत. सकाळी लघवीनंतर, चहाच्या आधी वजन करून वहीत लिहावे, आणि दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे. जाताना ती वही, इकोचा कागद आणि गोळ्यांची पाकिटे सोबत न्यावीत.